‘चूक टाळा, सामना जिंका’ हे खरं नाही

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे (हातात बॉल घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचे) निर्णायक सामने जवळ आले की एक मत हमखास फिरू लागतं: ‘मोठा सामना डिफेन्स (बचाव करणारी फळी) जिंकून देतो. ऑफेन्सने (चढाई करणाऱ्या फळीने) चूक करू नये, बॉल घेऊन धावावं आणि वेळ काढावा.’

आधी ‘चूक करू नये’बद्दल, कारण खरं नुकसान याच सल्ल्याने होतं. 2017 च्या अख्ख्या हंगामात अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, ऑफेन्स चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्स याचा एकच पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला होता. यापेक्षा जपून कोण खेळणार? तरी 8 जानेवारी 2018 ला अटलांटातल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला जॉर्जिया 13, अलाबामा शून्य. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवाइलोआला उतरवलं. त्याने चुका केल्याच. एक पास जॉर्जियाला दिला, आणि जादा वेळेत पहिल्याच चालीत 16 यार्ड मागे आडवा झाला. पुढच्या चालीत त्याने डेव्होंटा स्मिथला 41 यार्डांचा पास दिला. टचडाउन (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार), अलाबामा 26-23 ने विजयी. अशी हिंमत चुकांना घाबरणाऱ्याकडे येत नाही.

‘धावा आणि वेळ काढा.’ 4 जानेवारी 2006, रोझ बोल. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) टेक्सासविरुद्ध 38-33 ने पुढे, जेमतेम दोन मिनिटं बाकी. चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळवायचे असतात. यूएससीचा चौथा प्रयत्न होता आणि हवे होते दोन यार्ड. किक मारून बॉल लांब न धाडता यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी प्रयत्न केला, हे योग्यच होतं. पण बॉल दिला लेनडेल व्हाइटला, थेट मधल्या गर्दीत. त्या रात्री तीन टचडाउन करणाऱ्या व्हाइटवर टेक्सासचा डोळा असणारच. आणि हाइसमन (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेला रेजी बुश मैदानाबाहेर! व्हाइट अडला. 19 सेकंद उरले असताना, चौथ्याच प्रयत्नावर, टेक्सासचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग 8 यार्ड धावत टचडाउनला गेला आणि टेक्सासने सामना 41-38 ने जिंकला. हो, तोही धावलाच. पण पाससाठी मागे सरकून, कोणी मोकळं दिसेना म्हणून उजवीकडून सुटला. समोरच्याला दोन्हींची धास्ती होती.

राहिलं ‘डिफेन्स जिंकून देतो’. पुरावा म्हणून 9 जानेवारी 2012 चा अंतिम सामना दाखवतात: अलाबामा 21, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 0. एलएसयूला अख्ख्या सामन्यात 92 यार्ड मिळाले. तो डिफेन्स अफाट होता, मान्य. पण दोनच महिन्यांपूर्वी, 5 नोव्हेंबरला, त्याच डिफेन्सने एलएसयूला 9 गुणांवर रोखलं होतं आणि तरी अलाबामा 9-6 ने हरली होती. जानेवारीत अलाबामाने आपला क्वार्टरबॅक एजे मॅकॅरन याला 34 पास टाकू दिले, त्याने 234 यार्ड काढले. एलएसयूने मात्र तोच क्वार्टरबॅक, त्याच चाली शेवटपर्यंत रेटल्या. डिफेन्सच पुरेसा असेल, तर नोव्हेंबरमध्ये तो का पुरला नाही, हे आधी सांगावं.