‘भीगी भीगी’च्या मागचे सात घोडे

२००६ साली ‘गँगस्टर’ हा हिंदी सिनेमा आला तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो. ‘भीगी भीगी’ त्या वर्षी रिक्षात, चहाच्या टपरीवर, ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये वाजत होतं. एका रात्री मेसमधून परत येताना माझा बंगाली रूममेट तीच चाल भलत्याच शब्दांत गुणगुणायला लागला. मी म्हटलं, "गलत गा रहा है तू." तो चालता चालता थांबला. "गलत नहीं, ये हमारा गाना है." खोलीवर आल्यावर त्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि ओळ न् ओळ समजावून सांगितली.

मूळ गाण्यात पाऊस नाही. सॅटेलाइट आणि केबलच्या हाती पडून जग लहान लहान होत गेलंय आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात कोंडलं गेलंय, असं ते गाणं सांगतं. घरबसल्या साऱ्या दुनियेशी संपर्क, देशांच्या सीमा पुसल्या गेल्या. आणि मग ती ओढ लावणारी चाल येते, जी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तिथे विचारलंय, तारे जितकी प्रकाशवर्षं लांब आहेत त्याहूनही लांब तू आणि मी सरकत चाललोय, याचा कधी विचार केलायस का? मोबाइल हातात घेऊन एका खोलीत बसलेली चार माणसं बघितली की मला आजही तेच आठवतं.

हे गाणं गौतम चट्टोपाध्याय यांचं. बँडचं नाव ‘मोहीनेर घोडागुली’, म्हणजे मोहीनचे घोडे. कार्तिकातल्या चांदण्यात माळावर चरणारे हे घोडे बंगाली कवी जीवनानंद दास यांच्या कवितेतले. १९७५ साली कलकत्त्यात सात जणांनी हा बँड सुरू केला. गौतमदा नक्षल चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. गिटार, ड्रम्स, व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि त्यात बाउल, म्हणजे बंगालच्या भटक्या लोकगायकांच्या गाण्यांचा सूर, शिवाय शब्द कलकत्त्याच्या रोजच्या जगण्यातले. सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या तेव्हाच्या श्रोत्याला हे पचलं नाही. १९७७ ते १९७९ या काळात तीन छोट्या रेकॉर्ड निघाल्या आणि १९८१ च्या सुमारास सगळे पांगले.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. ‘काळाच्या पुढे होते बिचारे’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते या माणसांचं मोठेपण कळतं ते बँड मोडल्यानंतर. गौतमदा सिनेमाकडे वळले, त्यांच्या ‘नागमती’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अब्राहम मजुमदार यांनी व्हायोलिन सोडलं नाही, कलकत्त्यात पोरांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवलं, त्यांचा वाद्यवृंद उभा केला. रंजन घोषाल बंगळुरूला जाऊन जाहिरात आणि नाटकात रमले.

आणि १९९५ चं ते काम! कोलकाता पुस्तक मेळ्यात ‘आबार बोछोर कुडी पोरे’ ही कॅसेट आली. ‘पुन्हा वीस वर्षांनी’, हे शब्दही जीवनानंदांचेच. वीस वर्षांनी परतलेला कलाकार सहसा आपली जुनी गाणी पुन्हा वाजवतो, आणि त्यात गैर काही नाही. गौतमदांनी मात्र नव्या पोरांना गोळा केलं, त्यांची गाणी घेतली आणि कॅसेटवर लिहिलं, ‘मोहीनेर घोडागुली संपादित’. संपादित! दिवाळी अंकाचा संपादक नव्या लेखकाला पहिल्यांदा छापतो ना, तसं. ‘भीगी भीगी’ची मूळ चाल याच कॅसेटमधली. अशा आणखी तीन कॅसेट निघाल्या. १९९९ साली हृदयविकाराने गौतमदा गेले, तोवर बंगालीत बँडचं पीक आलं होतं. त्यांचा मुलगा गौरव, ज्याला सगळे गाबू म्हणतात, ‘लोक्खीछाडा’ बँडमध्ये ड्रम वाजवतो.

‘भीगी भीगी’बद्दल माझी तक्रार नाही. संगीतकार प्रीतमने चाल घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली आणि बांगलादेशच्या जेम्सने ती जीव तोडून गायलीय. पण वीस वर्षं हे गाणं म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी मूळ गाणं एकदा तरी ऐकलंय? बंगाली येत नाही ही सबब चालणार नाही. शरदबाबू, म्हणजे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, आपल्या आज्यांनी मराठीतून वाचले आणि आपलेच मानले. मग या गाण्यांनी काय घोडं मारलंय?

सातांतले तापस दास, सगळ्यांचे बापीदा, शेवटपर्यंत गात राहिले. ‘मोहीन एखोन ओ बोंधुरा’ हा त्यांचा नंतरचा बँड, म्हणजे ‘मोहीन आता आणि मित्रमंडळी’. पुढे त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. उपचारांसाठी दोन्ही बंगालमधले कलाकार धावून आले. २०२३ च्या सुरुवातीचा त्यांचा एक फोटो मी जपून ठेवलाय. नाकात अन्नाची नळी, अंग पार खंगलेलं, आणि बापीदा स्टेजवर माइकसमोर गातायत. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या रात्री मी रूममेटला फोन केला. तो आता बंगळुरूला असतो. आम्ही फार बोललो नाही, त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि ते गाणं लावलं.