निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा? बजी पक्ष्यांच्या रंगांविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘घरच्या घरी रंगीत आणि शो-क्वालिटी लव्हबर्ड तयार करा’ अशा मथळ्याचा एक मराठी संदेश गेले काही महिने पक्षी पाळणाऱ्यांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्यातला उपदेश थोडक्यात असा. निळा आणि पिवळा पक्षी एकत्र ठेवला की रंग मिसळून हिरवी पिल्ले होतात. एकाच रंगाच्या आईबापांना त्याच रंगाची पिल्ले होतात, आणि वेगळे पिल्लू निघाले तर दुकानदाराने फसवले असे समजावे. गाजर आणि बीट रोज दिल्यास लाल छटा येते. रंग पक्का करायचा असेल तर भावाबहिणीची जोडी लावावी. मोठ्या आकाराचा एक नर विकत आणला की सगळा पिंजरा शोचा, म्हणजे प्रदर्शनात मांडण्याजोगा, होतो. आणि अंडी घालायचे मडके वर्षभर टांगून ठेवल्यास वर्षाला आठ वेळा पिल्ले मिळतात.

संदेशात ज्यांना लव्हबर्ड म्हटले आहे ते खरे तर बजी, म्हणजे बजरीगर. लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि बजी ऑस्ट्रेलियातला. आपल्याकडे बाजारात दोघांना एकच नाव चालते, म्हणून एवढा खुलासा केला. मी सतरा वर्षे बजी पाळतो आहे आणि सुरुवातीला यातल्या निम्म्या गोष्टी मीही खऱ्या मानल्या होत्या. त्यामुळे हे लिहिताना संदेश पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. परंतु या उपदेशाची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे मला आवश्यक वाटते.

रंग मिसळण्याचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, कारण त्यात सत्याचा एक धागा आहे. बजीचा मूळ रानटी रंग हिरवा असतो आणि तो पिसात दोन गोष्टी एकत्र आल्याने दिसतो. पिसाच्या बाहेरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते. आतला थर स्पंजासारखा सच्छिद्र असून त्याच्याखाली काळ्या मेलॅनिनचा अस्तर असतो, आणि या रचनेतून परतणारा प्रकाश निळा दिसतो. निळ्या पक्ष्यात निळे रंगद्रव्य आलेले नसते, त्याच्यातले पिवळे द्रव्य गेलेले असते. उलट, लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्यात, म्हणजे ल्युटिनोमध्ये, मेलॅनिन गेलेले असते आणि पिवळे तेवढे उरते. अशा दोघांची जोडी लागली की एकाकडे नसलेले दुसरा पुरवतो आणि पिल्लू हिरवे होते. दोन डब्यांतले रंग ढवळल्यासारखे येथे काहीही घडत नाही.

ते कसे, हे जोडी उलटी लावून पाहिले की कळते. निळा नर आणि ल्युटिनो मादी घेतली तर नरमादी सगळी पिल्ले हिरवी होतात. आता ल्युटिनो नर आणि निळी मादी घ्या. मुलगे हिरवे होतात, पण मुली सगळ्या पिवळ्या, लाल डोळ्यांच्या निघतात. रंग खरोखर मिसळत असते तर बाप कोणता आणि आई कोणती याने फरक पडायला नको होता. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. ल्युटिनोचा गुण झेडवर बसतो. मुलीला तिचे एकमेव झेड बापाकडून मिळते, म्हणून बाप ल्युटिनो असेल तर मुलगी ल्युटिनोच होते. मुलाला मात्र आईकडून आलेले दुसरे झेड सावरून घेते. ‘बापाचा रंग मुलाला, आईचा मुलीला’ असे जे लोक सांगतात, त्याच्या हे नेमके उलट आहे.

मिसळलेला रंग पुन्हा सुटा होत नाही, बजीचे रंग मात्र सुटे होतात. निळा नर व ल्युटिनो मादी अशा दोन वेगवेगळ्या जोड्यांची हिरवी पिल्ले मोठी करून, एका जोडीचा मुलगा आणि दुसरीची मुलगी एकत्र लावली तर हिरवी, निळी, पिवळी आणि क्वचित शुभ्र पांढरी अशी चारही प्रकारची पिल्ले निघू शकतात. पांढऱ्याची शक्यता प्रत्येक अंड्यामागे सोळात एक असते, आणि ते पिल्लू निघालेच तर मादीच असते. हिरव्या आईबापांतून पांढरी मुलगी निघाली की रंग मिसळतात असे मानणाऱ्याकडे त्याचे उत्तर नसते.

एका ठिकाणी मिश्रणाचा भास जास्तच होतो, तेही सांगायला हवे. १९१५ साली फ्रान्समधल्या तुलूझ येथे गडद हिरवे बजी दिसले. फिका हिरवा आणि ऑलिव्ह, म्हणजे सर्वांत गडद हिरवा, अशी जोडी लावल्यास सगळी पिल्ले मधल्या छटेची, म्हणजे गडद हिरवी होतात. परंतु दोन गडद हिरव्यांची जोडी लावली की चारांत सरासरी एक फिके, दोन गडद आणि एक ऑलिव्ह असे पिल्लू निघते. मधली छटा टिकत नाही, ती पुन्हा फुटते.

समान रंगाच्या आईबापांचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यापायी माणसे माणसांवर चोरीचा आळ घेतात. दोन हिरव्यांना निळे पिल्लू झाले म्हणजे दुकानदाराने फसवले नाही आणि मादी दुसऱ्या नराकडेही गेली नाही. दोघेही निळ्यासाठी स्प्लिट आहेत, एवढाच त्याचा अर्थ होतो. निळ्याचा गुण अंगात असतो, पण हिरव्यापुढे दिसत नाही. तसे नसते तर १८८०च्या सुमारास बेल्जियममध्ये पहिले निळे बजी मिळालेच नसते, कारण त्याआधी निळे आईबाप होते कोठे? १९२०च्या दशकात जर्मनीतील ब्रेमेन येथे हान्स डुंकर यांनी बजींच्या जोड्या लावून हे हिशेब पद्धतशीर मांडले. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळूनही जवळपास शंभर वर्षे झाली.

येथे आणखी एक गैरसमज चिकटतो. स्प्लिट जोडीला ‘चारांत एक निळे’ म्हटले की लोक प्रत्येक मडक्यात एक निळे पिल्लू शोधतात. शक्यता प्रत्येक अंड्याची स्वतंत्र असते. चार अंड्यांत एकही निळे न निघण्याची शक्यता २५६ पैकी ८१, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. पहिल्या विणीत निळे न दिसल्याने चांगल्या स्प्लिट जोड्या मोडून विकलेल्या मी पाहिल्या आहेत.

पांढऱ्यांचे उदाहरण तर जरूर लक्षात ठेवावे. माझ्याकडे काळ्या डोळ्यांचा, अंगावर निळसर झाक असलेला पांढरा नर होता आणि लाल डोळ्यांची अल्बिनो मादी होती. दोन्ही पांढरे, म्हणून मी पांढऱ्या पिल्लांची वाट पाहत राहिलो. पाच पिल्ले झाली. आठव्या-दहाव्या दिवशी पिसांच्या नळ्या त्वचेखाली काळपट दिसू लागल्या तेव्हाच मनात पाल चुकचुकली, आणि तिसऱ्या आठवड्यात पाचही पिल्ले स्वच्छ आकाशी निळी झाली. नर फिकट करणाऱ्या डायल्यूट गुणामुळे पांढरा होता, मादी मेलॅनिनच्या अभावामुळे पांढरी होती, आणि दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली होती. ‘पांढरा’ हे डोळ्यांना दिसणारे नाव आहे, त्यामागे निदान चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. म्हणून जोडी लावताना पक्ष्याच्या रंगाइतकेच त्याच्या पायातल्या रिंगला आणि पाळणाऱ्याच्या वहीला महत्त्व आहे. आणि वर सांगितलेल्या झेडच्या नियमावरून सांगतो, कोणी ‘ल्युटिनोसाठी स्प्लिट मादी’ जास्त पैसे घेऊन विकत असेल तर घेऊ नये. मादीकडे एकच झेड असल्यामुळे ल्युटिनो, ओपलाइन आणि सिनॅमन या झेडवर बसणाऱ्या रंगगुणांसाठी ती स्प्लिट असूच शकत नाही.

गाजर-बिटाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. कॅनरी किंवा रोहित पक्षी खाण्यातली कॅरोटिनॉइडे पिसांत साठवतात, त्यामुळे त्यांचा रंग आहाराने बदलतो. पोपटांच्या कुळात तसे होत नाही. बजीचे पिवळे रंगद्रव्य त्याच्या पिसात तयार होते, आणि ते तयार करणारे जनुक कोणते व निळ्या पक्ष्यात ते कोठे बिघडलेले असते हे २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. बजीत लाल रंगाचा प्रकारच नाही. बाजारात दिसणारे गुलाबी-लाल बजी रंगात बुडवलेले असतात आणि पिसे झडून नवी आली की त्यांचा खरा रंग बाहेर येतो; तोवर पक्षी जगला तर. गाजर जरूर द्यावे, ते आरोग्यासाठी चांगले आहे.

भावाबहिणीच्या जोडीबद्दल मी सरसकट नाही म्हणणार नाही, कारण जगभरचे मुरलेले पाळणारे नात्यातल्या जोड्या लावतातच. पण ते आजोबा-नात किंवा चुलत-सावत्र नाती निवडतात, प्रत्येक पिढीतले दुबळे पक्षी बाजूला काढतात आणि चाळीस-पन्नास पक्ष्यांची नोंद ठेवतात. ज्याच्याकडे एकच पिंजरा आहे त्याने सख्खी भावंडे लावली तर एकाच पूर्वजाचे गुण दोन्ही बाजूंनी जुळून येण्याची शक्यता थेट २५ टक्क्यांवर जाते. त्यात रंगाचा गुण जुळतो तसेच लपलेले दोषही जुळतात. रिकामी अंडी आणि अंड्यातच मेलेली पिल्ले वाढू लागली की त्याचे खापर थंडीवर फोडले जाते.

आता मोठा नर. प्रदर्शनातला बजी म्हणजे मोठा बजी, ही समजूत इतकी पसरली आहे की लोक पट्टी घेऊन पक्षी पाहायला येतात. ब्रिटनमध्ये १९२५ साली बजरीगर क्लब निघाला, १९३० साली त्याची बजरीगर सोसायटी झाली, आणि तेथून पुढे आदर्श पक्ष्याचे मानक घडत गेले. रानातला बजी साधारण १८ सेंटिमीटरचा असतो, तर या मानकात अनेक वर्षे साडेआठ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर लांबी धरली जात होती. परंतु परीक्षक लांबीवर थांबत नाही. पक्षी दांडीवर उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कलून, पाठ सरळ ठेवून ऐटीत उभा आहे का. कपाळ रुंद आणि भरलेले आहे का. तोंडाखालचा मुखवटा खोल आहे का आणि त्यावर सहा गोल, सारख्या अंतराचे काळे ठिपके आहेत का, हे सगळे पाहिले जाते. प्रदर्शनाच्या आधी जाणकार माणूस पक्षी तळहातावर उताणा धरून, जादा आणि वाकडे ठिपके चिमट्याने एकेक पीस ओढून काढतो. चुकून बरोबरचा ठिपका निघाला तर नवे पीस येईपर्यंत त्या पक्ष्याचे प्रदर्शन हुकते.

यातला एकही गुण एका जनुकाचा नाही. निळा रंग दोन पिढ्यांत ‘काढता’ येतो, रुंद डोके तसे काढता येत नाही. शोचा नर आणि बाजारातली छोटी मादी लावली तर पिल्ले मधल्या बांध्याची होतात, तीही एकसारखी नाहीत, आणि त्यांच्या मुली पुन्हा चांगल्या वंशाच्या नरांना देत गेल्यास पाच-सहा वर्षांनी काही दिसू लागते. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याला मी एका महागड्या नराऐवजी त्याच घराण्यातल्या दोन साध्या दिसणाऱ्या माद्या घ्यायला सांगतो. शिवाय मोठेपणाचा बराचसा भाग हाडांत नसून लांब आणि मऊ पिसांत असतो. पिसांचीच हाव धरत गेल्याने शोच्या वंशांत कधीकधी असे पिल्लू निघते की ज्याची पिसे वाढायची थांबतच नाहीत. डोळे झाकले जातात, उडता येत नाही, आणि ते बहुधा वर्षभरही जगत नाही. इंग्रजीत त्याला पिसांचा झाडू म्हणतात. ते पिल्लू हातात घेतलेल्या माणसाला ‘जितका मोठा तितका चांगला’ हे वाक्य पुन्हा उच्चारवत नाही.

राहिला वर्षाला आठ विणींचा हिशेब. मादी एक दिवसाआड अंडे घालते, म्हणजे सहा अंड्यांना सुमारे दहा दिवस जातात. अंडे उबायला १८ दिवस लागतात आणि पिल्लू मडक्याबाहेर यायला आणखी पाच आठवडे लागतात. एका विणीला साधारण दोन महिने होतात. मग वर्षात आठ बसणार कशा? आणि जेवढ्या बसतात तेवढ्याही मादीला परवडत नाहीत. तिचे वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास आणि अंडे दोन ग्रॅमचे. सहा अंडी म्हणजे तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा, आणि कवचांचा सगळा चुना तिच्या अंगातून जातो.

परवा गल्लीतला एक मुलगा हाच संदेश दाखवत आला, तेव्हा त्याच्या खोक्यात लागोपाठ पाचव्या विणीची मादी होती. पिसे फुगवून तळाशी बसली होती, शेपटी श्वासाबरोबर खालीवर होत होती, आणि पोटाशी बोट लावल्यावर अडकलेले अंडे लागत होते. आम्ही तिला दिव्याच्या उबेत ठेवले आणि तासाभरात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ती वाचली. त्या मुलाला मी समुद्रफेसाचा तुकडा दिला, राळ्याबरोबर उकडलेले अंडे आणि शेवग्याचा पाला द्यायला सांगितला, आणि पुढचे सहा महिने तिला नराशेजारी पण वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला लावले. माझ्याकडे दोन विणी झाल्या की मार्चचे ऊन चढण्याआधी सगळी मडकी खाली उतरतात, उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीवर पालथी पडतात, आणि पावसाळा सरेपर्यंत परत टांगली जात नाहीत.