‘ओआरएम असताना एवढी काळजी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रोग्रामिंग भाषा आणि डेटाबेस यांच्यात ये-जा करताना टाइप (माहितीचे प्रकार) कुठे बिघडतात, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भाषेतले टाइप आणि डेटाबेसमधले टाइप जुळवणं हे ओआरएमचं (डेटाबेसमधल्या नोंदींचे भाषेतले ऑब्जेक्ट करून देणाऱ्या लायब्ररीचं) काम, मी उगाच राईचा पर्वत केला. आणि डेटाबेसमधला बिगइंट (६४ बिटांची पूर्ण संख्या) स्ट्रिंग (मजकूर) म्हणून वाचायचा माझा सल्ला म्हणजे निव्वळ गबाळेपणा.

आधी माझी चूक. पोस्टग्रेस या डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा टाइप झोनही साठवतो, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते खोडलंत, बरोबर केलंत. आत जातो तो यूटीसीतला (जागतिक प्रमाणवेळेतला) क्षण. मूळ झोन गळून पडतो. लेखात दुरुस्ती केली आहे. (टाइपला हे नाव देणाऱ्यानं मात्र फसवलंच.)

बिगइंटवर मी ठाम आहे. जावास्क्रिप्टचा नंबर म्हणजे ६४ बिटांचा फ्लोट (दशांशी संख्या), त्यात फार मोठ्या पूर्ण संख्या अचूक बसत नाहीत. त्यात ९००७१९९२५४७४०९९३ घालून बघा, परत येईल ९००७१९९२५४७४०९९२. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त आयडी भलत्याच रेकॉर्डचा. म्हणूनच नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) पोस्टग्रेस ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा कोड) मुळातच स्ट्रिंग हातात ठेवतो. जावास्क्रिप्टमधला नवा बिगइंट टाइप वापरलात तरी जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) करताना तो अडतो, आणि तिथे फिरून स्ट्रिंगच.

नल (‘मूल्यच नाही’ ही खूण) तुम्ही एका वाक्यात उडवलात. माझे त्यात दोन दिवस गेलेत. तापमानाच्या नोंदी जेडीबीसीतून (जावाच्या डेटाबेस वाचायच्या सोयीतून) ‘गेटइंट’नं वाचत होतो. सेन्सर बंद असला की कॉलममध्ये नल, पण गेटइंट नलसाठी शून्य देतं. खरं शून्य की काहीच नाही, हे लगेच ‘वॉझनल’ला विचारावं लागतं. मी विचारलं नव्हतं. सरासरी घसरली आणि मी सेन्सरलाच शिव्या घालत बसलो. हायबरनेट (जावाचं ओआरएम) असतं तर ‘इंट’ फील्डमध्ये नल घालताना त्यानं एक्सेप्शन फेकलं असतं, हे श्रेय त्याला देतो. पण फील्ड ‘इंट’ ठेवायचं की नल चालणारं ‘इंटिजर’, हे त्याला कोण सांगणार? आपणच ना? ओरॅकल डेटाबेस तर रिकामी स्ट्रिंगही नल मानतं. जो फरक साठवलाच नाही, तो कुठलं ओआरएम परत आणणार?

‘बूलियनमध्ये (खरं की खोटं एवढंच सांगणाऱ्या टाइपमध्ये) काय चुकणार’ असंही विचारलंत. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये बूलियन म्हणजे टायनीइंट(१), एक छोटी पूर्ण संख्या, आणि त्यात २ सुद्धा बसतो. ०, १, २ अशी स्थिती ठेवणारा असा कॉलम जावाचा ड्रायव्हर आपण होऊन बूलियन समजतो. मग १ आणि २ दोन्ही ‘ट्रू’.

तुमच्याच ओआरएममधून सर्वांत मोठा बिगइंट, नल, रिकामी स्ट्रिंग आणि नॅनोसेकंदांसह एक वेळ लिहा, परत वाचा, ताडून पाहा. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदांवर थांबतं, त्यामुळे शेवटची चाचणी नापास होईल. मी ती वेळ आधीच मायक्रोसेकंदांपर्यंत छाटून घेतो. तुम्ही काय करता, ते जरूर लिहा.