चेर्ना म्हणजे काळी

गेल्या रविवारी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गॅरेजच्या दारात, सात-आठ माणसांदेखत, वीज खात्यातून रिटायर झालेल्या एका लाइनमनने माझ्या मोटारसायकलच्या बॅटरीला टेस्टर लावला आणि जाहीर केलं, "सप्लाय न्हाई. लाइन बंद हाय." आज बुधवार. मी अजून त्याच वाक्यापाशी अडकलोय.

गाडी वडिलांची. येझदी, 1976 ची, सहा व्होल्टवाली. पंधरा वर्षं जिन्याखाली उभी होती, डोक्यावर फुटकं टिपाड घेऊन. ती मी बाहेर का काढली या भावनिक भागात शिरत नाही. त्यावर बायकोने पुरेसं भाष्य केलेलं आहे. इंजिन मिस्त्रीने बांधून दिलं. चेसीला मी हौसेने पावडर कोटिंग करून घेतलं, काळंभोर, आरशासारखं. उरलं वायरिंग. जुनं वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. नुसतं कुरतडलं नव्हतं, बसून जेवले होते. हेडलाइटच्या डोममध्ये तांब्याचे केस तेवढे उभे, प्लॅस्टिक साफ. कुठली वायर कुठे जायची याचा एकमेव पुरावा उंदराच्या पोटात गेलेला.

"त्यात काय, मॅन्युअल बघू," असं मी म्हणालो होतो. अकरा महिन्यांपूर्वी.

मॅन्युअल घरात होतं. म्हणजे होतं असं वडील म्हणाले. गाडीच्या कागदांबरोबर, निळ्या पिशवीत. पिशवी सापडली, त्यात माझ्या मुंजीच्या पत्रिका निघाल्या. आईला विचारलं. "ते तेलकट पुस्तक होय?" ती म्हणाली. "बंबात घातलं. छान पेटलं हो." आमच्या घरात मिक्सरचं माहितीपुस्तक आहे, मिक्सर जाऊन वीस वर्षं झाली. पाच भाषांत छापलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ते कुणी बंबात घातलं नाही. पेटलं मात्र नेमकं माझं, कारण तेलकट. म्हणजे वडील ते वाचत होते, एवढाच त्यातून निघणारा समाधानाचा धूर.

बरं, कारखान्याला लिहावं, तर कारखानाच नाही. म्हैसूरला 1961 पासून जावा मोटारसायकली तयार व्हायला लागल्या, पुढे त्यांचीच येझदी झाली, आणि 1996 ला कारखान्याला टाळं लागलं. 2022 मध्ये येझदी नावाची नवी गाडी आली आहे, पण ती फोर स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. माझ्या गाडीशी तिचं नातं आडनावापुरतं.

मग इंटरनेट. तिथे "जावा वायरिंग" असं शोधलं की गूगलला वाटतं मी कॉम्प्युटरची भाषा शिकायला निघालोय. भाच्याला मदतीला घेतलं, तो म्हणाला, "मामा, कुठलं व्हर्जन?" मी म्हटलं, सहा व्होल्ट. तो जरा विचारात पडला. खरं म्हणजे मोटारसायकलच्या जावाचा इंडोनेशियाशीही संबंध नाही आणि कॉम्प्युटरशीही. झेक देशातल्या यानेचेक नावाच्या माणसाने 1929 मध्ये जर्मन वांडरर कंपनीची मोटारसायकल उचलली आणि दोघांच्या स्पेलिंगमधली (Janeček, Wanderer) सुरुवातीची दोन-दोन अक्षरं जोडली, झालं जावा. हे मला पाठ झालंय. माझ्या घरात ते सगळ्यांनाच पाठ झालंय. ज्याला वायर सापडत नाही त्याला इतिहास फार सापडतो.

शेवटी पुण्यातल्या एका गृहस्थांकडे नकाशा असल्याचं कळलं. नकाशा म्हणजे वायरिंगचा आराखडा. पण गृहस्थांनी त्याच्याभोवती जे वातावरण केलं होतं, त्यावरून मला तो पुरलेल्या हंड्याचाच वाटायला लागला. आधी त्यांनी माझा चेसी नंबर विचारला. मग वडिलांचं नाव. मग "करायचंय काय तुम्हाला त्याचं?" असं. अहो, वायरिंगच्या नकाशाचं माणूस काय करणार, लोणचं? फोटो पाठवणार नाही म्हणाले, "पसरतं ते." पसरू द्या की! तीस-चाळीस वर्षं एकेक माणूस असा एकेक कागद कपाटात दाबून बसलाय आणि वर हळहळतोय, की जुन्या गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत म्हणून. चौथ्या फोननंतर त्यांनी झेरॉक्स कुरियरने पाठवली. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ कागदाची घडी जिथे पडली होती तिथे काळा पट्टा आलेला, आणि तो पट्टा बरोबर रेग्युलेटरवर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे कटआउट म्हणतात. म्हणजे गाडीच्या संसारात डायनामो कमावणार, बॅटरी साठवणार आणि मधला जो हिशेब ठेवणारा, तोच अंधारात.

आणि नकाशा झेक भाषेत.

हे सांगायची गृहस्थांना गरज वाटली नव्हती. रंगीत नकाशाची झेरॉक्स काळी-पांढरी असते, त्यामुळे कुठली वायर कुठल्या रंगाची हे कडेला लिहिलेल्या शब्दांवरच ठरवायचं. रात्री जेवण झाल्यावर मी टेबलावर भिंग घेऊन बसायचो. मोद्रा म्हणजे निळी. झेलेना म्हणजे हिरवी. इथवर ठीक. पण चेर्ना म्हणजे काळी आणि चेर्वेना म्हणजे तांबडी! काळ्या आणि तांबड्या वायरमध्ये गल्लत झाली की काय होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. आणि एका अख्ख्या राष्ट्राने त्या दोघींची नावं जुळ्या बहिणींसारखी ठेवलेली. सातव्या झेरॉक्सवर त्यातली मधली अक्षरं उडाली की उरतं ते "चेर...ना". एकदा मी झोपेत "चेर्वेना" असं म्हणालो. कोण ही, याचा खुलासा मला पहाटे नकाशा दाखवून करावा लागला.

तारलं ते आकड्यांनी. त्या गाड्यांवर वायरी जोडायच्या टोकांना जर्मन पद्धतीचे नंबर असतात. 30 म्हणजे थेट बॅटरीतून, 15 म्हणजे किल्लीतून येणारी, 56 हेडलाइट, 61 चार्जिंगचा दिवा, 31 म्हणजे अर्थ, अर्थिंगमधला. एकदा हे कळलं की नकाशा बोलायला लागतो. मी तो मोठा करून लॅमिनेट केला, मराठीत रंग लिहिले, आणि बाजारातून तयार वायरिंगचा सेट आणला. सेटमधल्या सगळ्या वायरी पिवळ्या. दुकानदार म्हणाला, "बाकीचे रोल संपले होते बनवताना. करंट सारखाच जातोय की." मी घरी बसून प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर लिहून लावले. तीन रविवार गेले. असं देखणं वायरिंग म्हैसूरला तरी झालं असेल का, असा एक चोरटा विचार मनात येऊन गेला. त्याचीच शिक्षा पुढे मिळाली असावी.

तर गेला रविवार. गाडी टेम्पोतून गॅरेजला नेली, कारण शेवटचा हात मिस्त्रीचा असावा असं मला वाटलं. सगळं जोडलं होतं. या गाडीची किल्ली म्हणजे एक खिळा असतो. तो डोममध्ये खाली दाबायचा. मी दाबला. काही नाही. दिवा नाही, हॉर्न नाही, साधा चार्जिंगचा लाल ठिपकाही नाही. मी लॅमिनेट केलेला नकाशा काढला. मिस्त्रीने त्याच्याकडे, लग्नाच्या पंगतीत कुणी डबा काढावा तसं बघितलं.

"पुस्तक बघून गाडी चालू हुतीया व्हय?" तो म्हणाला आणि नकाशावर चहाचे ग्लास ठेवले. चांगला सपाट होता ना.

बाकड्यावर आबा बसले होते. आबांकडे वाहन नाही. ते रोज सकाळी पेपर वाचायला त्या गॅरेजवर येतात. चाळीस वर्षं खांबावर काढलेली, खिशाला अजून टेस्टर लावलेला, पेन लावावं तसा. ते उठले, टेस्टर बॅटरीच्या टोकाला टेकवला, मागच्या टोपणावर अंगठा ठेवला आणि दिवा लागायची वाट बघत राहिले. ते वाक्य मग आलं, सुरुवातीला सांगितलेलं.

"आबा, हा घरच्या लाइनचा टेस्टर आहे," मी म्हटलं. "सहा व्होल्टवर नाही लागणार."

"म्हंजे सप्लाय लो हाय."

"लो नाही. तेवढाच असतो."

"तेवढाच आसतोय?" त्यांनी जमलेल्या लोकांकडे बघितलं. माझं काहीतरी खाजगी दुखणं चारचौघांत उघड झाल्यासारखं वाटलं. "बरं. न्यूट्रल कुठाय?"

"न्यूट्रलमध्येच आहे," मी गिअर हलवून दाखवला. या गाडीला किक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे ते दाखवतानाही कसरत होते.

"गाडी न्हवं, पाव्हणं. वायर! फेज आली कुठनं न् न्यूट्रल गेली कुठं?"

मी त्यांना समजावून सांगायला लागलो, हीच माझी चूक. डीसी म्हणजे काय, प्लस म्हणजे काय, मायनस म्हणजे काय. आबा शांतपणे ऐकत होते, अर्ज ऐकावा तसे. मागे एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बँकेत हायत ते." का म्हणाला कोण जाणे, पण सगळ्यांना त्यातून काहीतरी उलगडल्यासारखं झालं.

"ते सगळं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "अर्थिंग कुठं केलंय?"

"अर्थ आहे की. हे बघा, 31 नंबर."

"नंबर नगं. खड्डा कुठाय?"

"खड्डा?"

"अर्थिंगचा खड्डा! कोळसा, मीठ, प्लेट, पाणी. घरटी लागतंय. तुमची गाडी रबराच्या चाकांवर उभी. अर्थ जमिनीत जाणार कसा? न्हाई न्हाई. अर्थिंगशिवाय कनेक्शन द्यायचं न्हाई, मी चाळीस वर्षांत दिलं न्हाई."

आता लोक वाढले होते. समोरच्या लेथवरचा पोरगा मशीन बंद करून आला. एकाने खरंच विचारलं, की गाडी चालली की खड्डा मागे राहणार, मग रोज नवा खणायचा का? दुसरा म्हणाला, साखळी सोडायची मागे, पेट्रोलच्या टँकरला असती तशी. यावर आबांनी मान डोलावली, म्हणजे तोडगा त्यांना मंजूर होता. माझ्या वडिलांच्या गाडीमागून रंकाळ्यावर साखळी घासत चालली आहे असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि माझा तोल गेला.

"आबा," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "मोटारसायकलचा अर्थ जमिनीत जात नाही. ही सगळी चेसी असते ना, लोखंडाची, तीच अर्थ. बॅटरीची मायनस इथे, या बोल्टला बसवली आहे. नकाशात स्पष्ट दाखवलंय!" आणि चहाचे ग्लास सरकवून मी नकाशावरच्या 31 वर बोट ठेवलं. तिथे तीन आडव्या रेघा होत्या आणि चहाचं एक वर्तुळ.

आबांनी नकाशा बघितला नाही. ते वाकले आणि चेसीवरून बोट फिरवलं.

"हिला रंग दिलाय की तुम्ही," ते म्हणाले. "रंगातनं करंट जातोय व्हय?"

मिस्त्रीने पहिल्यांदा मान वर केली.

कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रीने पोराकडून कानस मागून घेतली, तो बोल्ट सैल केला आणि माझ्या पावडर कोटिंगवर, त्या आरशासारख्या काळ्यावर, रुपयाएवढी जागा घासून लख्ख पांढरी केली. तो आवाज माझ्या दातांत अजून आहे. बोल्ट परत आवळला. खिळा दाबला. लाल दिवा लागला, हेडलाइट लागला, आणि कुणीतरी उत्साहाने हॉर्न दाबला तो म्हातारीसारखा खोकत वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांसाठी.

अकरा महिने! मी एका परक्या देशाचे रंग शिकलो, पुण्याच्या माणसाला वडिलांचं नाव सांगितलं, बायकोला मध्यरात्री खुलासे दिले. आणि गाडी अडली होती ती मी स्वतः पैसे मोजून दिलेल्या रंगाने. नकाशा चूक नव्हता, हे मी इथे नोंदवून ठेवतो. तीस अधिक पंधरा अधिक एकसष्ट, माझं एकही कनेक्शन चुकलं नव्हतं, अगदी त्या काळ्या पट्ट्याखालचंसुद्धा. पण हे सांगायला गेलो तर मिस्त्री म्हणाला, "व्हय, पण चालू आबांनी केली न्हवं." मी विचारलं, तुला कळलं होतं ना रंगाचं, आधी का नाही बोललास? तर म्हणाला, "तुम्ही पुस्तक बघत हुता." याला काय म्हणायचं? माहिती ज्याच्या कपाटात आहे तो देत नाही, ज्याच्या हातात आहे तो बोलत नाही, आणि जो बोलतो तो खड्डा खण म्हणतो.

आबांचं त्यावरही समाधान झालं नव्हतं. मी गाडी घेऊन निघताना ते बाकड्यावरून ओरडले, "तरी बी एक खड्डा घ्या! सेफ्टी हाय!"

काल सकाळी गाडी सोसायटीत नेहमीच्या जागी होती. हँडलला एक पुडी लटकत होती. उघडून बघितलं, तर जाडं मीठ, पावशेर तरी असेल. बरोबर चिठ्ठी नव्हती. पण पुडी दोऱ्याने बांधलेली नव्हती. काळ्या इन्सुलेशन टेपचे तीन वेढे होते, घट्ट, आणि शेवटचं टोक सफाईदार दुमडलेलं, पुढच्या वायरमनला चटकन सोडवता यावं म्हणून.