परीक्षा पुन्हा मिळते, शिकवणं मिळत नाही

गेल्या आठवड्यात एका लग्नात माझ्या विद्यार्थ्याची आई भेटली. मुलगा बी.एस्सी.ला माझ्याकडे गणिताला होता. सुंदर अक्षर, एकही पायरी न गाळता गणित सोडवणारा. तिसऱ्या सेमिस्टरचा एक पेपर राहिला होता त्याचा. आता कुठे असतो म्हणून विचारलं, तर अहिराणीत म्हणाली, "मॅडम, तो ते सुरतले निंघी गया. कापडना मार्केटमा शे."

पुढचं जेवण मला गेलं नाही.

त्याचा पेपर का राहिला ते मला ठाऊक आहे. तिसरं सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपतं, आणि नेमका तेव्हाच आमच्या खान्देशात कापूस फुटतो. मजूर मिळत नाही, म्हणून घरातलं प्रत्येक माणूस वेचणीला. दसरा आला की माझ्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. आता गणित हा काही मधूनच वाचता येणारा विषय नाही. पार्शियल डेरिव्हेटिव्हचे तीन आठवडे बुडाले की डबल इंटिग्रलच्या वेळी पोरगं नुसतं फळ्याकडे बघत बसतं. ते बघत बसणं मी बावीस वर्षं पाहते आहे. त्यात मुलगा मठ्ठ असतो असं मला एकदाही वाटलेलं नाही.

लोक म्हणतात, बॅकलॉगची, म्हणजे राहिलेल्या पेपरची, परीक्षा देता येतेच की. येते. फॉर्म भरा, फी भरा, पेपरला बसा. पण जे तेव्हा कळलंच नव्हतं ते मधल्या काळात शिकवतं कोण? माझं पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक गच्च, त्याचंही गच्च. मग तो होता तसाच पुन्हा पेपरला बसतो आणि होता तसाच परत येतो. दोनदा असं झालं की घरात बोलणं सुरू होतं. मग कोणी मामा नाहीतर चुलतभाऊ सुरतेजवळच्या उधन्याला असतोच, आणि सुरतेची गाडी रोज आहे.

यावरचा उपाय कागदावर आधीच आहे, हे मला आज सगळ्यांना सांगायचं आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो क्रेडिट आराखडा काढला (क्रेडिट म्हणजे शिकवण्याच्या तासांचं माप), त्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचं धरलं आहे. ते फक्त इंटर्नशिपसाठी नाही. नेहमीचे विषयसुद्धा उन्हाळ्यात वेगाने शिकवता येतील, मुलांना जादा विषय घेता येतील, राहिलेले पूर्ण करता येतील, असं त्यात लिहिलं आहे. कोणते विषय चालवायचे ते शिक्षक किती आणि मुलं किती हे पाहून संस्थेने ठरवायचं. म्हणजे परवानगी आहे. माझ्या ओळखीच्या कॉलेजांत मात्र मे महिन्यात प्रवेशाचं माहितीपत्रक सोडून काही निघत नाही.

त्याच आराखड्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पालकांचं लक्ष नाही. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडावं लागलं तर प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा एक व्यवसायाचा अभ्यासक्रम करावा लागतो. तेवढं केलं तर ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. आता मला सांगा, आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर कोणाचं शिक्षण सुटतं? मे महिन्यात जिचं लग्न लागतं तिचं. त्या मुलीला जवळपास उन्हाळी अभ्यासक्रमच नसेल, तर वर्षभर शिकून ती रिकाम्या हाताने सासरी जाते. चार-पाच आठवड्यांच्या एका वर्गाने तिच्या हातात कागद पडेल आणि परतीचं दार उघडं राहील. हे मला फार मोठं वाटतं.

हार्वर्डमध्ये उन्हाळी वर्ग १८७१ पासून भरतात. आपल्या आयआयटींतही उन्हाळी सत्र असतं. पण त्यांचं वेळापत्रक उचलून आपल्याकडे चालणार नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बारानंतर वर्गात बसवणं म्हणजे पोरांना आजारी पाडणं. आपला उन्हाळी वर्ग आपल्या उन्हाकडे बघूनच आखावा लागेल.

मी हिशेब मांडून पाहिला. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटला ६० तास. आठवड्याचे ६ दिवस, रोज २ तास, असे ५ आठवडे. झाले ६० तास. यूजीसीचे पूर्ण आठ आठवडे आपल्याला मिळणार नाहीत, कारण परीक्षा आणि पेपर तपासणी मे महिन्यात शिरतात. पाच मात्र निघतात. सव्वासात ते सव्वानऊ एक विषय, अर्ध्या तासाने दुसरा, पावणेबाराला मुलं मोकळी. दुसरा विषय नको असेल त्याने साडेनऊची गाडी धरावी. आणि वर्ग आखाजीनंतरच, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच, सुरू करायचे. आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरोघरी आमरस असतो. त्या आठवड्यात वर्ग ठेवला तर मुली येणार नाहीत, आणि त्यांनी यावं असं मलाही वाटत नाही.

वर्ग तालुक्याच्या गावी भरले पाहिजेत. खेड्यातली मुक्कामी एसटी सकाळी सहाला निघून सातच्या सुमारास तालुक्याला पोचते, त्या गाडीवरच वेळ बांधायची. जळगावला सगळं ठेवलं तर सातपुड्यातल्या धडगावच्या मुलाचा अख्खा दिवस प्रवासात जाईल. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात विद्यापीठ आलं, तोपर्यंत आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एका दाखल्यासाठी पुण्याचे हेलपाटे घातलेली माणसं अजून आहेत. विद्यापीठ जवळ आल्याने काय फरक पडतो ते खान्देशाला वेगळं सांगायला नको. जे लांबच्या पाड्यांवरून येतात त्यांच्यासाठी वसतिगृह आणि खानावळ ते पाच आठवडे उघडी ठेवावी लागेल. नाहीतर ही सोय फक्त गावातल्या मुलांची होईल.

शिकवणार कोण, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. तासिका तत्त्वावर काम करणारे आमचे तरुण सहकारी उन्हाळ्यात बिनपगारी बसलेले असतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं मे महिन्यात दुकानावर बसतात, शेतात राबतात. त्यांना या तासांचं मानधन द्या, ते आनंदाने येतील. आम्हा कायम शिक्षकांना सुट्टीत काम केलं तर अर्जित रजा मिळते, म्हणून आम्हीही तक्रार करू नये.

पैशांचं म्हणाल, तर चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आठवा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि १२०७ साली निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवाने त्याला दान दिलं. ते दान कशाचं होतं? पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला लावून दिला. घाण्याचं तेलसुद्धा दिलं. त्या लेखाचा हा भाग मराठीत आहे, पाटणच्या बाजारातल्या माणसाला कळावा असा. गणित शिकवायचा खर्च बाजाराने उचलायचा, हे आपल्याच डोंगरात दगडावर कोरलेलं आहे. आज आपल्याकडे बाजार समित्या आहेत, कापसाच्या जिनिंग मिल आहेत, रावेर-सावद्याहून केळीचे ट्रक उत्तरेला जातात. एका तालुक्यातल्या एका वर्गाचं मानधन आणि थंड पाण्याचे जार एवढं त्यांना जड नाही. त्यांच्याकडे जाऊन मागायला मात्र कोणीतरी हवं. मी जायला तयार आहे.

विद्यापीठाच्या अधिसभेत आणि विद्या परिषदेत असलेली जी मंडळी इथे आहेत त्यांना हात जोडून विनंती, हा विषय या वर्षी मांडा. किती मुलांचा एकच पेपर राहिला आहे याची तालुकावार यादी परीक्षा विभागाकडून मागवा, म्हणजे वर्ग कुठे काढायचा ते दिसेल. एसटीच्या पासासाठी बोनाफाईड या पाच आठवड्यांचंही द्यायला सांगा.

माझ्या प्राचार्यांना मी काल अर्ज दिला. कॅल्क्युलसचा वर्ग मी घेते, पाच मुलं आली तरी घेते. सुरतेच्या त्या मुलाचा नंबर त्याच्या आईकडून घेतला आहे. रात्री मार्केट सुटल्यावर फोन करायचा आहे.