अ‍ॅक्रेडिटेशन गेलं म्हणजे लायसन्स गेलं असं नाही

ऑस्ट्रेलियात ट्रक चालवणाऱ्या आपल्या मंडळींत एक फॉरवर्ड फिरतोय: ‘कंपनीचं हेवी व्हेइकल अ‍ॅक्रेडिटेशन रद्द झालं की ड्रायव्हरचं लायसन्सही आपोआप रद्द.’ हे चूक आहे. अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे अटी पाळणाऱ्या वाहतूक कंपनीला मिळणारी अधिकृत मान्यता, ऑपरेटरच्या म्हणजे त्या कंपनीच्या नावावर असतं. अटी मोडल्या तर राष्ट्रीय नियामक एनएचव्हीआर ते बदलू, निलंबित किंवा रद्द करू शकतो. लायसन्सचा कारभार राज्याकडे, तो वेगळा.

म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. खरा फटका तासांना बसतो. बेसिक फटीग मॅनेजमेंट, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशनमधला थकवा-नियंत्रणाचा भाग, त्याखाली एकट्या ड्रायव्हरला २४ तासांत १४ तास काम करता येतं. ते गेलं की स्टँडर्ड अवर्स, म्हणजे १२. जुन्या सवयीने तेरावा तास ओढलात तर गुन्हा तुमच्यावरही लागतो, आणि तसं वेळापत्रक आखणाराही सुटत नाही. मास मॉड्यूल, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशनमधला वजनाचा भाग, गेलं की जादा वजनाची सवलतही गेली. शिवाय अ‍ॅक्रेडिटेशन शाबूत असूनही प्रमाणपत्राची प्रत गाडीत नसली तर दंड होऊ शकतो. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं हेच गाळलंय!

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत हा राष्ट्रीय कायदा लागू नाही, तिथले नियम वेगळे आहेत.