पुरावा सांभाळा, गुरुजी

अभिनंदन! शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत तुमचं नाव लागलं. टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा झाली, टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी झाली, कागदपत्रांची पडताळणी झाली, समुपदेशनात गाव मिळालं आणि तुम्ही शिक्षणसेवक झालात. महिना 16,000 रुपये, तीन वर्षं. कमी वाटत असतील तर 2023 च्या आधीच्यांना विचारा, ते 6,000 वर राबले. ही तीन वर्षं तुमच्यावर नजर ठेवण्यासाठी असतात. मग तुम्ही कायम होता आणि नजरही कायम होते.

दप्तर चोख ठेवून निवृत्त झालेला माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो. कोणतं दप्तर, असं विचारू नका. मुलांचं दप्तर हलकं करा असं सरकार अधूनमधून सांगत असतं. मी बोलतोय ते शिक्षकाच्या दप्तराबद्दल, त्याच्या वजनाबद्दल अजून कोणाची तक्रार वरपर्यंत पोचलेली नाही.

पहिली गोष्ट, शिकवण्याआधी फोटो. शिकवल्यानंतर काढू म्हणाल तर फसाल. हातच्याची वजाबाकी जमली की पोराच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण ते कॅमेऱ्यात येत नाही. त्याउलट रांगोळी, फुगे, फलकलेखन आणि हात वर केलेली बारा मुलं झकास येतात. तेव्हा उपक्रम निवडताना तो दिसतो कसा, एवढंच बघा. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत. ते उमटवणारं ॲप फोनमध्ये घालून घ्या. नेटवर्क शाळेत नसतं, टेकडीवर असतं. रोज दुपारी गुरुजी टेकडीवर का चढतात, हा त्या गावातल्या मुलांचा परिसर अभ्यास.

आताच्या पिढीला सगळं आयतं मिळालंय. आम्ही 2016 साल पाहिलं. दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि खात्याच्या 'सरल' या संकेतस्थळावर चढवायचा, असा शासन निर्णय नोव्हेंबरात निघाला. मुलांची गळती थांबवण्यासाठी! दहा मुलं आणि आपण एका चौकटीत मावायला हात किती लांब लागतो याचा सराव आम्ही सुरू केला होता. पण शिक्षकांनी आरडाओरडा केला आणि जानेवारीत निर्णय थंड्या बस्त्यात गेला. मला वाईट वाटलं. शाळा सोडून निघालेल्या पोराला 'थांब, तुझा सेल्फी राहिलाय' म्हणून अडवायची संधी हुकली.

2022 मध्ये कसर भरून निघाली. शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो वर्गात लावायचा ठरलं. भिंतीवर आधीच सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब होते, आता तुम्ही. सन्मानाची गोष्ट आहे, हरकत घेऊ नका. फक्त फोटोला हार घालायची मुलांना सवय असते, तेवढं सांभाळा. खरं कारण असं, की काही गुरुजींनी पगाराचा छोटा तुकडा देऊन आपल्या जागी भलताच माणूस उभा केला होता. म्हणून फोटो, म्हणजे मुलांना आपले गुरुजी ओळखता यावेत.

मार्च 2024 मध्ये आणखी एक मान मिळाला. डॉक्टरांना डॉ., वकिलांना ॲड., तसं शिक्षकाच्या नावाआधी 'टि'. त्याच कागदावर जीन्स आणि टी-शर्ट घालू नका असंही होतं. एका हाताने मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने कॉलर तपासायची, ही आपल्या खात्याची जुनी कला आहे.

आमच्या आजोबांच्या वेळी शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे डेप्युटी साहेब, यायचे. वर्षातून एकदा. शाळा सारवली जायची, मुलं आंघोळ करून यायची, मास्तरांचे पाय लटपटायचे, आणि दिपोटी गेले की वर्षभर मास्तर आणि मुलं एकमेकांच्या हवाली. आता दिपोटी खिशात असतो आणि दर अर्ध्या तासाने वाजतो. 'अतितातडीचे. आज दुपारी 4 पर्यंत. विलंबास आपण व्यक्तिशः जबाबदार.' गावात नसलेल्या गोष्टीचीही माहिती द्यावी लागते, तिला 'निरंक' म्हणतात. निरंक वेळेत पाठवणारा शिक्षक तालुक्यात आदर्श ठरतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. हे कलम पाठ करून ठेवा. मतदार यादी घेऊन दारोदार फिरताना मनाला आधार वाटतो.

अविश्वास उगाच आलेला नाही, हे मात्र मान्य करा. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी, शाई सहाव्या. आणि खरोखरच बाकांवर नसलेली पोरं हजेरीत सापडली. त्यांच्या नावावर तुकड्या होत्या, अनुदान होतं, तांदूळ होता. ती पोरं मी तरी लिहिली नव्हती. पण आमच्या पहिलीतली एक मुलगी बोट घासून घासून रडत होती. तिला वाटलं, आपण काहीतरी केलंय. तिला काय सांगायचं ते परिपत्रकात नव्हतं. आता शाई लागत नाही. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायला, आधार कार्ड लागतं. समोर बसलेलं, खिचडी मागणारं पोर आधारवर जुळत नसेल तर ते नाही असं समजायचं. खिचडी द्या, पण मोजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुख्यालयी राहणं. नियम असा, की शिक्षकाने नेमणुकीच्या गावात राहावं, तरच घरभाडं. तुम्ही राहणार तालुक्याला, हे ठरलेलंच आहे. बायकोची नोकरी तिथे, पोराची शाळा तिथे. घरभाड्यासाठी मात्र ग्रामसभेचा ठराव लागतो, की सदर शिक्षक गावातच राहतात. घाबरू नका. तुम्ही संध्याकाळच्या एसटीने जाता हे सरपंचांना माहीत आहे, कारण कधीकधी ते शेजारच्या सीटवर असतात. ग्रामसेवकांना माहीत आहे, कारण त्यांचंही तसंच आहे. साहेबांनाही माहीत आहे. खरं सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कोणीतरी खोटं लिहून द्यावं लागतं, नाहीतर फाईल पुढे सरकत नाही. ठराव मंजूर झाला की चहा सांगा. त्या दुपारी चौथीला 'नेहमी खरे बोलावे' असेल तर पाठ पुढे ढकला.

पालकसभेत कोणीतरी विचारेल, 'सर, तुमचा मुलगा कोणत्या शाळेत?' प्रश्न विचारणाऱ्याची स्वतःची मुलगी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जात असते, त्यामुळे फार खोलात जाऊ नका. पुन्हा चहा सांगा. एकमेकांच्या शाळेवर विश्वास नसलेली माणसं चहावर मात्र विश्वास ठेवतात. (हे वाक्य मी एका शिक्षण परिषदेत बोललो होतो. केंद्रप्रमुख हसले नाहीत.)

पात्रतेबद्दल निश्चिंत राहा. ती पुन्हा पुन्हा तपासली जाईल. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवेची पाच वर्षांहून अधिक उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. पंचवीस वर्षं पाढे शिकवलेला माणूस आता गाईड घेऊन बसलाय. परीक्षेवर मात्र शंका घेऊ नका. डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी ती शंका घेतली, तेव्हा परीक्षा परिषदेचे त्या वेळचे आयुक्तच अटकेत गेले आणि 2019-20 च्या टीईटीत पावणेआठ हजारांहून जास्त उमेदवार गैरमार्गाचे निघाले. म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही म्हणून परीक्षा, परीक्षेवर नाही म्हणून पोलीस. त्यांच्या पुढे कोण, ते अजून ठरायचंय. दहावीच्या केंद्रावर गेलात तर भरारी पथक, कॅमेरा आणि परीक्षेतले गैरप्रकार रोखणारा 1982 चा कायदा असं सगळं सोबत असेल. भिंतीबाहेर काका-मामा असतील, तेही सोबतच.

एका प्रसंगाची मात्र तयारी करून देता येत नाही. दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघतात. सोबत जाणाऱ्या मुलाला द्यायला शिक्षण हमी कार्ड आहे, ते भरून द्या. पण एखादी आई पोरीला आजीजवळ ठेवून जाते. सकाळी सातला, शाळा उघडायच्या आत, ती तुमच्यापुढे येऊन उभी राहते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही. पोरीचा हात तुमच्या हातात देते आणि म्हणते, 'गुरुजी, म्हातारीला दिसत न्हाई. तुमीच बगा.' पाच महिन्यांसाठी. फोटो मागत नाही, सही मागत नाही, तुमची टीईटी झालीय का विचारत नाही.

अशा वेळी लेखी घ्यावं, तीन प्रतींत. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी कपाट उघडून नमुना शोधला. हालचाल रजिस्टर सापडलं, खिचडीच्या चवीची वही सापडली, निरंकची अख्खी फाईल सापडली. तोवर ट्रॅक्टर सुटला होता, आणि पोरगी माझा हात सोडेना म्हणून कपाट मला एकाच हाताने बंद करावं लागलं.